स्टेअरिंगवरची दोन बोटं

नेब्रास्कातल्या त्या खडीच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की रामराम म्हणून स्टेअरिंगवरची तर्जनी उचलायची, हा रिवाजच! वेंडेल मात्र नोरीनला पाहून दोन बोटं उचलायचा. दोन वर्षं... आणि गेले तीन आठवडे एकही नाही. दोन्ही मुठी आवळलेल्या, नजर सरळ.

काय चुकलं आपलं? चर्चच्या जेवणात त्यानं नाचायला बोलावलं तेव्हा ती हसली होती—ते लागलं का त्याला? तीन आठवडे गॅरेजात गाड्या दुरुस्त करताना तिचं लक्ष नव्हतं.

आणि आज धान्याच्या कोठारापाशी, वळणावर, त्याची जुनी पिकअप अर्धी गवतात! अडलेल्या गाडीला सोडून जाणं तिला जमणारं नव्हतं, मग मालक कितीही फुगलेला असो.

"सरक," ती वेंडेलला म्हणाली.

तिनं खाली वाकून चाकांचे सांधे तपासले. घट्ट. मग स्टेअरिंग धरून वरखाली हलवलं, तर अख्खा दांडाच डुगडुगला. म्हणजे खोट आतली. हत्यारं तिच्या गाडीत होतीच. स्टेअरिंग उतरवलं, एकेक भाग सुटा केला... आतले चारही बोल्ट सैल!

"हे कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

पाना तिच्या हातात तसाच राहिला. "तीन... म्हणून तू—"

"मूठ सैल केली की गाडी खड्ड्यात जाते गं. तरी एकदा केली होती. तुला लांबून बघून."

"मग?"

"क्रूगरबाईंची टपालपेटी."

ती आडवी झालेली पेटी अख्ख्या गावानं पाहिली होती! नोरीनला हसावं की रडावं कळेना.

"मग गॅरेजात का नाही आणलीस, बावळटा?"

"तू परत हसली असतीस."

"अरे, मला नाचता येत नाही म्हणून हसले मी! घाबरून!"

"म्हणजे... नकार नव्हता?"

"तू परत विचारलंस कुठे? झोप उडाली माझी. आवडतोस तू मला... इतकंही कळत नाही?"

वेंडेल कानापर्यंत लाल झाला. तिनं मान खाली घालून बोल्ट आवळले, सगळं जागच्या जागी बसवलं आणि शेजारी जाऊन बसली.

"चालव. एका हातानं धर."

गाडी सरळ धावली. मोकळ्या हाताचं काय करावं हे त्याला सुचेना. शेवटी नोरीननंच तो धरला, आपल्या हाताच्या ग्रीससकट.

समोरून क्रूगरबाई आल्या. त्यांनी तर्जनी उचलली... आणि ते दोघांपैकी कुणालाही दिसलं नाही.