वर लोंबलेला ओळंबा

ही गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. मी स्वतः त्या घरात होते. माझी मैत्रीण फुमिए माझ्या शेजारी होती. तिला विचारलंत तर ती आजही एक शब्द बोलणार नाही. पण खोटं आहे, असंही म्हणणार नाही.

तारीख एकवीस नोव्हेंबर. क्योतो शहर. वेळ संध्याकाळची, पावणेपाच.

रात्र नव्हती. बाहेर उजेड होता. गल्लीतून सायकलींच्या घंटा ऐकू येत होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण लोक म्हणतात की अंधारात माणसाला काहीही दिसतं.

आम्ही तिघं एका वर्गातले. उत्तरेकडच्या बर्फाच्या गावातले. मी कायो, चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. फुमिएचं लोणच्यांचं दुकान. आणि गेनझो... आमचा गेन. देवळं बांधणारा सुतार.

आमची सहावीची सहल नारा आणि क्योतोला गेली, तेव्हा गेन आला नव्हता. त्याच आठवड्यात त्याचे वडील वारले होते. आम्ही परत आलो तर त्याचं बाक रिकामं. बारा वर्षांचा गेन एका सुताराकडे कामाला लागला होता.

पुढे त्याने जन्मभर देवळं बांधली, पण नाराची देवळं काही पाहिली नाहीत. आम्ही सत्तरीला आलो तेव्हा फुमिए म्हणाली, "चला, याची राहिलेली सहल करून टाकू. नाहीतर वर जाऊनही कुरकुरेल."

नारात दोन दिवस मजेत गेले. प्रत्येक देवळात गेन आधी खांबाला हात लावायचा. मग मान मागे टाकून इतका वेळ वर बघत राहायचा, की मागची रांग खोळंबायची.

"अरे, देव पुढे आहे," फुमिए ओरडायची. "खांबाला काय ओवाळतोस?"

"देव नंतर आला गं. आधी खांब उभा राहिला."

एका हरणाने फुमिएच्या हातातला नकाशाच खाऊन टाकला. गेन हसून हसून पायरीवर बसला.

"बरं झालं. तसाही तू तो उलटा धरला होतास!"

त्याला इतकं हसताना मी शाळेनंतर पहिल्यांदाच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी क्योतो. मेपलची पानं लाल झाली होती, शहर माणसांनी भरलेलं. कुठेच जागा मिळेना. शेवटी एका जुन्या लाकडी घरात दोन खोल्या मिळाल्या. मालकीणबाई ऐंशीच्या, एकट्या राहणाऱ्या.

घर अरुंद आणि लांबट. दारातून आत शिरलं की मातीच्या जमिनीची एक वाट थेट मागच्या अंगणापर्यंत जायची. त्याच वाटेत चूल. धूर वर जावा म्हणून तेवढ्या भागाला मधलं छत नव्हतं. मान वर केली की सरळ छप्पर दिसायचं, वीस फुटांवर, काजळीने काळंभोर झालेलं.

आणि त्या वाटेच्या कडेला, जिथे बसायची खोली सुरू होते, तिथे घराचा मुख्य खांब.

गेनने सवयीने त्याच्यावर तळवा ठेवला.

आणि चटका बसावा तसा काढून घेतला.

"हा उलटा आहे," तो म्हणाला.

झाड जसं वाढतं तसाच त्याचा खांब उभा करायचा, बुंध्याकडची बाजू खाली आणि शेंड्याकडची वर. आमच्याकडे सुताराच्या पोराला हे पहिल्या दिवशी शिकवतात. उलटा खांब रडतो म्हणतात. ज्या घरात तो असतो, ते घर सुखाने नांदत नाही.

"चुकून झालं असेल," मी म्हटलं.

"एवढा खांब उभा करायला दहाबारा माणसं लागतात, कायो. सगळेच आंधळे होते?"

मालकीणबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं.

"त्याला टेकून बसा, छत्र्या टांगा, काही होत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या नातवंडांनी तर खिळेसुद्धा ठोकलेत. फक्त त्याला ओळंबा लावू नका."

"का हो?" गेनने विचारलं.

"सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. मी कधी का म्हणून विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका."

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळेचं वजन. खांब सरळ उभा आहे की कललाय, हे बघायला सुतार आणि गवंडी वापरतात. गेनच्या खिशात तो कायम असायचा. त्याच्या गुरूंनी दिलेला.

साडेचार वाजून गेल्यावर मालकीणबाई भांडं घेऊन तोफू आणायला निघाल्या. आम्ही तिघं चटईवर चहा पीत बसलो. गेनची नजर खांबावरून हलत नव्हती.

"वरचा सांधा उघडलाय," तो म्हणाला. "एक जरा मोठा भूकंप आला की छप्पर त्या म्हातारीच्या अंगावर येईल. किती कललाय ते कळलं, तर इथल्या एखाद्या सुताराला सांगून जाता येईल."

"त्या नको म्हणाल्यात ना!" फुमिए म्हणाली.

"मास्तरीणबाई, तूच सांग." तो माझ्याकडे वळला. "वर्गातल्या मुलाला ताप आला, तर थर्मामीटर लावशील, की त्याच्या पणजीला विचारशील?"

‘कारण विचारू नका’ असं मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही मला ते सांगता आलं नाही.

गेन उठला. वाटेत उतरला. नातवंडांनी ठोकलेल्या एका खिळ्याला त्याने दोरी अडकवली आणि वजन हळूच सोडलं.

ते थोडं झुललं.

थांबलं.

आणि मग... वर येऊ लागलं.

सावकाश. कुणी पेला उचलावा तसं. दोरी सैल पडली. वजन खिळ्यापर्यंत आलं, खिळ्याच्याही वर गेलं, आणि दोरी पुन्हा ताठ झाली.

ओळंबा वर लोंबत होता.

"गेन..." फुमिए कुजबुजली. "हे काय आहे?"

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चुलीवरची किटली गप्प झाली आहे. वाफ निघत होती, पण आवाज नव्हता. गल्लीतल्या घंटाही थांबल्या होत्या.

एवढ्यात छपरातून आवाज आला...

धप्... धप्... धप्...

पावलं. कौलांवर नव्हती. छपराच्या आतल्या बाजूने, तुळईला पाय लावून कुणीतरी चालत होतं. आमच्याकडे तळवे नव्हेत, डोकं करून.

काजळीचा एक कणही खाली पडला नाही.

पावलं बरोबर गेनच्या डोक्यावर येऊन थांबली.

"मी काढतो दोरी," गेन म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. त्याने खिळ्याकडे हात नेला.

आणि त्याचे पाय जमिनीवरून सुटले.

आधी पाय वर गेले. शाळेतल्या आडव्या दांड्यावर मुलं लोंबतात तसा तो क्षणात उलटा झाला. मी धावले. त्याचा डावा हात धरला, फुमिएने उजवा. आम्ही खाली ओढत होतो आणि तो वर जात होता. त्याच्या दोन्ही घोट्यांपाशी विजारीचं कापड मुठीत धरल्यासारखं चुरगळलं होतं.

मूठ मात्र दिसत नव्हती.

त्याच्या खांद्यातून कट् असा आवाज आला. गेन किंचाळला.

"सोडा त्याला!" फुमिए वर बघून ओरडली. "मेल्या, सोड म्हणते ना!"

पुढच्याच क्षणी तिचं डोकं एका बाजूला फेकलं गेलं. कुणीतरी तिच्या तोंडावर मारलं होतं. मग दुसऱ्या बाजूने. मग पुन्हा. तिच्या तोंडातून दोन दात उडाले. ते खाली पडले नाहीत. माझ्या डोळ्यांसमोरून ते वर गेले. चौथ्या फटक्याला ती भिंतीवर जाऊन आदळली आणि तिथेच कोसळली.

आता मी एकटी होते. दोन्ही हातांनी गेनचं मनगट धरून. त्याचं उलटं तोंड माझ्या तोंडासमोर होतं, वीतभर अंतरावर. त्याच्या बोटांनी माझं मनगट आवळलं होतं.

"कायो, सोडू नकोस," तो म्हणाला. "खाली खूप खोल आहे."

खाली म्हणताना तो छपराकडे बघत होता.

मग माझ्या टाचा उचलल्या गेल्या.

मी वर पाहिलं. पाहायला नको होतं. वर छप्पर नव्हतं. विहीर होती. मी तिच्या काठावर वाकले होते आणि तळातलं काळं पाणी मला ओढून घेत होतं.

आणि गेन पडला.

वर पडला.

वीस फुटांवर छप्पर. तिथे पोचायला कितीसा वेळ लागतो? पण मी मोजले... एक... दोन... तीन... चार... आणि मग आवाज आला. तो आवाज मी लिहू शकत नाही.

तो वर छपराच्या आतल्या अंगाला पडला होता, आपण जमिनीवर पडतो तसा. मग ती पावलं त्याच्याजवळ गेली. आणि मारायला सुरुवात झाली. नव्या वर्षाच्या मोची लाडवांसाठी उखळात शिजलेला भात कुटतात, तसं. एकाच लयीत. प्रत्येक घावाला खांब खालपर्यंत थरथरत होता. गेन दोनदा ओरडला. तिसऱ्यांदा नाही.

घाव मात्र चालूच राहिले.

दार सरकलं. मालकीणबाई आत आल्या. त्यांनी दोरी पाहिली. तोफूचं भांडं हातातून पडलं.

"कुणी लावला? अरे देवा, कुणी लावला?"

ऐंशी वर्षांची ती बाई धावली. चुलीजवळची सुरी उचलून तिने दोरी एका झटक्यात कापली.

वजन खाली पडलं. किटली शीळ घालू लागली. गल्लीत घंटा वाजल्या.

आणि गेन खाली आला. यावेळी एका क्षणात.

तो मेलेलाच होता. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "कितव्या मजल्यावरून पडले? कवटीची अशी अवस्था सातव्या-आठव्या मजल्यावरून पडल्यावर होते."

पोलीस त्या घरात आले. त्यातला एक अगदी तरुण होता, माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलांच्या वयाचा.

"काकू, माळ्यावरून पडले का?"

"घराला माळा नाही."

"मग शिडीवरून?"

"शिडीही नाही, बाळा."

त्याने वर टॉर्च मारला. छपराच्या आतल्या अंगाला माणसाच्या आकाराएवढी काजळी पुसली गेली होती. भोवती ओला डाग होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अनवाणी पावलांचे ठसे. मारताना माणूस पाय फाकवून उभा राहतो तसे. मुलाने टॉर्च बंद केला. कागदावर लिहिलं, ‘उंचावरून पडून मृत्यू.’ मग तो बराच वेळ बूट चढवत बसला. त्याला नाडी बांधता येत नव्हती.

फुमिएचे दात सापडले नाहीत. ते घर आजही तिथे आहे. त्यात कोण चालत होतं, खांब उलटा का उभा केला, त्याला मोजायचं का नाही, हे मालकीणबाईंना माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याही गेल्या.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला गेनच्या बायकोने, सुमीने, मला बाजूला घेतलं.

"तुम्ही त्यांचा हात धरला होता ना, कायोताई? शेवटपर्यंत?"

"धरला होता. निसटला गं."

तिने माझे दोन्ही हात कपाळाला लावले. आभार मानले.

हात निसटला नव्हता. गेनची पकड शेवटपर्यंत घट्ट होती. माझ्या मनगटावर त्याच्या बोटांचे निळे वळ तीन आठवडे होते. टाचा उचलल्या गेल्या तेव्हा मी हिसका देऊन मनगट सोडवलं. मग त्याला धरलेल्या माझ्या दुसऱ्या हाताची बोटं मीच उघडली. एकेक करून. करंगळी आधी. तो बघत होता.

हे मी सुमीला सांगितलेलं नाही. फुमिएला बहुतेक माहीत आहे. त्या दिवसानंतर तिने माझा हात कधी हातात घेतला नाही.

माझ्या गल्लीतली मुलं दुपारी अभ्यासाला येतात. अभ्यास झाला की अंगणात पतंग उडवतात. "आजी, वर बघा ना! आमचा किती उंच गेलाय!" म्हणून ओरडतात.

मी ओसरीतून बाहेर पाऊल टाकत नाही. कठडा धरून खालीच बघत राहते.

गेनला निदान छप्पर तरी लागलं. आकाशाला तळ नाही.