पेन्सिलीने लिहिलेलं कार्ड

बुधवारी दुपारी तीन वाजता छोट्या बाई वैद्यकीय ग्रंथालयाच्या सूचीखोलीत 'ग' अक्षराचा खण ओढून बसल्या होत्या. काम साधंच होतं. कार्डांवरचे विषय आणि संगणकातले विषय ताडून पाहायचे, जुळले की कार्डाच्या कोपऱ्यात एक टिंब द्यायचं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा मुख्य खुर्चीत मोठ्या बाई होत्या, म्हणून या छोट्या. उन्हाळ्यात मोठ्या बाई वारल्या, तरी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी या आपल्या छोट्याच राहिल्या.

मोठ्या बाईंचे नियम मात्र अजून ठणठणीत होते. पुस्तक मागवलं की त्याचा विषय कार्डावर पेन्सिलीने लिहायचा. पुस्तक हातात आलं की त्यावरून शाई फिरवायची. मागणी रद्द झाली तर खोडरबराने खोडायचं, पण त्याआधी त्या विषयाकडे बोट दाखवणारं 'हेही पाहा' कुठल्या कार्डावर आहे ते शोधून काढून टाकायचं. "हेही पाहा लिहिलंय ना, मग तिथे कोणीतरी असलंच पाहिजे," असं त्या म्हणायच्या. पुस्तकाला 'कोणीतरी' म्हणायची त्यांना सवयच होती. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला छोट्या बाई हाच धडा पहिल्यांदा देत.

त्या दिवशी मात्र त्यांचं लक्ष टिंबांत नव्हतं. शेजारच्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण पडून होती. तिचा डावा हात करंगळीपासून गार पडत चालला होता. सगळ्या तपासण्या व्यवस्थित, रक्त व्यवस्थित, आणि हात मात्र फरशीसारखा. डॉक्टरांनी हात टेकले होते. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खण धुंडाळले, आता एकदा आपल्या माणसासाठी धुंडाळू, म्हणून छोट्या बाई डोळ्यांत तेल घालून एकेक कार्ड पाहत होत्या.

'गारठा' हे कार्ड सापडलं. त्याच्या तळाशी जुन्या शाईत लिहिलं होतं: हेही पाहा: गारठा, चढता.

असा विषय संगणकात नव्हता. त्यांनी पुढची कार्डं चाळली. 'गारठा, चढता' या विषयाची तीन कार्डं होती, आणि तिन्हींवर खाली लिहिलं होतं: स्त्रिया, वय ३४. बहीण चौतीस वर्षांची होती, आणि सूचीत वयोगट देतात, वय कधीच देत नाहीत. पहिल्या कार्डावर पुढे होतं: मनगट, सोमवार. ते शाईत होतं. दुसऱ्यावर: कोपर, बुधवार. तेही शाईत. त्यांचा अंगठा लागला आणि अक्षर पसरलं. शाई ओली होती. तिसऱ्यावर फिकट पेन्सिलीत लिहिलं होतं: छाती, शुक्रवार.

डावीकडे झुकलेलं ते अक्षर मोठ्या बाईंचं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. बहीण होती.

"ताई… कोपरापर्यंत आलंय गं."

"कधीपासून?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील."

छोट्या बाईंनी शिपाईकाकांना हाक मारली आणि खोलीत कोण येऊन गेलं, शाई कोणी काढली ते विचारलं. काका म्हणाले, सकाळपासून चिटपाखरू नाही, आणि मोठ्या बाईंची दौत तर अजून कपाटात कुलपाखाली आहे. मग स्वतःशीच आठवल्यासारखं बोलले, "शेवटी शेवटी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायच्या बाई. आम्ही हसायचो…"

ते गेल्यावर छोट्या बाईंनी ड्रॉवरमधून खोडरबर काढला. शाईची दोन कार्डं त्याला दाद देईनात. पेन्सिलीचं तिसरं मात्र झरझर पुसलं गेलं. आधी शुक्रवार, मग छाती, मग वय. कोऱ्या कार्डावरचा चुरा फुंकेपर्यंत फोन पुन्हा वाजला, आणि पलीकडे बहीण हसत होती, रडतही होती. हातात ऊब येत होती. छोट्या बाईंचा जीव भांड्यात पडला. खण तसाच उघडा टाकून त्या तिसऱ्या मजल्यावर धावल्या आणि कितीतरी वेळ तो हात गालाला लावून बसल्या.

गुरुवारी त्या रजेवर राहिल्या. शुक्रवारी बहिणीला घरी सोडणार होते. सकाळी अकरा वाजता छोट्या बाई गुणगुणत सूचीखोलीत आल्या, आणि उघड्या खणाकडे नजर जाताच त्यांचे पाय जागीच थबकले. घाईत त्या 'हेही पाहा' काढायला विसरल्या होत्या. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं.

'गारठा' कार्डावर ती ओळ तशीच होती. खोडून जाईना, म्हणून त्यांनी कार्डच फाडलं. खणात त्याच्या मागे तेच कार्ड उभं होतं.

तिथे कोणीतरी असलंच पाहिजे.

त्यांनी हळूहळू पुढची कार्डं सरकवली. कोरं केलेलं कार्ड आता कोरं नव्हतं. त्यावर पेन्सिलीत लिहिलं होतं: गारठा, चढता. स्त्रिया, वय ४१. छाती, शुक्रवार.

सकाळपासून आपण डावं मनगट चोळतोय, हे छोट्या बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. त्या खूप घाबरल्या. खोलीत कार्डांचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास कोंदला होता. त्यांनी विचार न करता खोडरबर उचलला आणि स्वतःचं वय पुसलं. मनगट लगेच ऊबदार झालं. पण रबराचा चुरा अजून कार्डावर असतानाच त्याखालून फिकट अक्षरं वर येऊ लागली. मुली, वय ९.

भाची गेल्याच महिन्यात नऊ वर्षांची झाली होती.

फोन वाजला. बहीणच होती. "ताई, आम्ही निघतोय. ही बघ ना, आपले हात गार पडले म्हणून कुरकुर करतेय. काही नाही, पाण्यात खेळली असेल. तू येतेस ना घरी?"

"हातमोजे घाल तिला," छोट्या बाई म्हणाल्या. "मी… बघते इथलं."

फोन ठेवून त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. 'मुली, वय ९' पुसलं, आणि खाली काही उमटायच्या आत स्वतःच्या हाताने, दाबून, लिहिलं: स्त्रिया, वय ४१. मग वाट पाहिली. दुसरं काहीच वर आलं नाही. गारठा करंगळीतून निघाला आणि पाहता पाहता दंडापर्यंत आला. भाचीचे हात आता गरम झाले असतील, एवढंच त्या मनात म्हणत राहिल्या.

दारात शिपाईकाका उभे होते. हातात तपकिरी कागदात गुंडाळलेलं एक पातळ पुस्तक होतं.

"बाई, टपालात आलंय. आपण काही मागवलं नव्हतं ना?" त्यांनी ते या हातातून त्या हातात घेतलं. "किती गार आहे हो…"

"ठेवा टेबलावर," छोट्या बाई म्हणाल्या.

त्यांनी कार्डाकडे पाहिलं. आत्ताच त्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं एक्केचाळीस आता शाईत होतं, ओलं, डावीकडे झुकलेलं. त्यामागे आणखी एक कार्ड होतं, मघाशी नसलेलं. त्यावर फक्त 'हेही पाहा' लिहिलं होतं, आणि पुढची जागा मोकळी होती.