तिसरा ठोका

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मला आता कुणाला पटवायचं नाही. पण घडलं ते माझ्या हातात घडलं, आणि ते हात अजून माझ्याच अंगाला आहेत.

साल एकोणीसशे शहात्तर. मार्च महिना. गाव न्हावरे, तालुका शिरूर.

रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. दुपारचे तीन वाजले होते आणि ऊन रणरणत होतं.

मी जालिंदर. तेव्हा दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होतो. थोरला भाऊ भिमा गावातच, बुद्धवाड्यात राहायचा.

आमच्याकडे ऊस उंच झाला की रानडुकरं शिरतात. मग हाका व्हायचा. आमची माणसं उसात शिरून रिकामे डबे बडवायची, डुकरं बाहेर पळायची, आणि बांधावर पोपटराव रायफल घेऊन उभे. जमीन त्यांची, ऊस त्यांचा, रायफलही त्यांचीच.

हाक्याला एकच नियम. डबा वाजतोय तोवर गोळी झाडायची नाही. जिथं डबा, तिथं माणूस.

भिमाचा ठोका सगळा गाव ओळखायचा. दोन ठोके, जरा थांबून तिसरा.

आदल्या वर्षीच्या हाक्यात त्याचे दोन ठोके वाजले...

तिसऱ्याच्या जागी गोळी वाजली.

त्याच सकाळी त्यानं पोपटरावांना तोंडावर सांगितलं होतं, "मालक, हा शेवटचा हाका. पुढच्या टायमाला आमच्यातलं कुणी यायचं न्हाई."

मी दौंडहून पोचलो तेव्हा पोपटरावांच्या ओट्यावर पोलिसांचं जबाब लिहिणं चाललं होतं. ते सांगत होते, रायफल अडकली होती, सोडवताना आपसूक उडाली. मला बघून म्हणाले, "ये जालिंदर, बस. तू फिटर माणूस. अडकलेलं मशीन कवाकवा आपसूक उडतं, व्हय का न्हाई?"

बसायला त्यांनी खुर्ची दिली होती. त्या ओट्यावर आमच्यातल्या कुणाला खुर्ची मिळाली ती पहिल्यांदाच.

मी रायफल बघितलीसुद्धा नव्हती. "व्हय," म्हणालो आणि त्या जबाबाखाली सही ठोकली. भाऊ तिकडं चादरीखाली होता, आणि मी खुर्चीवर. आजही आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

वर्षभर माझी वहिनी सिंधूबाई एकच विचारत राहिली. "भावजी, खरंच उडती का हो आपसूक?"

मी सांगायचो, उडते.

मग मार्चमध्ये पोपटरावांचा निरोप आला. रायफल अजून तशीच अडकून पडलीय, येऊन सोडव. मी गेलो. वहिनीला वर्षभर काय सांगत आलो, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

विहिरीजवळच्या इंजिनघरात त्यांनी मला बसवलं. या खेपेला खाली पोतं अंथरलं होतं. ऊस तुटून गेला होता. दारातून नजर जाईल तिथवर मोकळं रान... कुत्रंसुद्धा नव्हतं.

विलायती रायफल होती. खाली कडीसारखा लिव्हर. तो पुढे ढकलला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, मागे ओढला की नवं काडतूस नळीत जातं. लिव्हर अर्ध्यावर रुतला होता.

नळीचं तोंड भिंतीकडं केलं. तेल सोडलं. वरच्या फटीतून आत डोकावलो.

एक काडतूस तिरकं अडकलं होतं. नळीत ते गेलंच नव्हतं.

माझ्या हातातला पान्हा खाली पडला. गोळी नळीतच नाही, तर उडेल काय? अशी अडकलेली रायफल उडूच शकत नाही. ही अडकली ती गोळी झाडून झाल्यावर. दुसरी भरताना घाईत लिव्हर अर्धाच ओढला गेला, म्हणून.

म्हणजे भिमा पडला, तरी यांना आणखी एक झाडायची होती.

आणि तेवढ्यात...

ठक. ठक.

बाहेरून. पत्र्याचा डबा.

मी दाराबाहेर बघितलं. मोकळं रान. उभं राहायला आडोसा नाही, बसायला सावली नाही.

"मालक, डबा कोण वाजवतंय?"

"कुठला डबा? मला न्हाई आलं ऐकू," पोपटराव म्हणाले. पण उठून त्यांनी दार लावून घेतलं, कडीसुद्धा घातली.

मी पातळ पेचकसानं काडतूस मागं दाबलं, हळूच बाहेर काढलं. बाकीचीही काढली. आत आता काही नव्हतं. लिव्हर लोण्यासारखा फिरायला हवा होता.

ओढला. अर्ध्यावर आला...

थांबला.

बॅटरी मारून आत बघितलं. रिकामं. जोर लावला. पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा लिव्हर जागचा हलेना.

ठक. ठक... या वेळी बंद दाराच्या अगदी बाहेर.

मी तिसऱ्याची वाट बघत राहिलो. तो आला नाही.

घाम पुसून मी रायफल पोपटरावांच्या पुढ्यात ठेवली. "पोपटराव, ही आपसूक उडाली नव्हती. तुम्ही झाडली."

ते जराही चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आसंल. पण सही तुझी हाय त्याच्यावर."

मी कडी काढून बाहेर पडलो. दाराबाहेर कुणी नव्हतं. धुळीत पाऊलसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी वहिनीला सगळं सांगितलं. ती चुलीपुढून हलली नाही. "मला ठावं व्हतं, भावजी," म्हणाली. "तुमच्या तोंडनं ऐकायचं व्हतं. सही करायच्या आदी."

त्यानंतर तिनं मला कधी भावजी म्हटलं नाही.

ती रायफल पुढं कधीच सुटली नाही. पुण्याच्या कारागिरानंही हात टेकले म्हणतात. पोपटराव म्हातारे होऊन आपल्या खाटेवर सुखानं गेले. त्यांना काही झालं नाही. डबा त्यांच्यासाठी वाजत नव्हता.

दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्यावर सही करावी लागते. मी पेन कागदाला टेकवतो, आणि...

ठक. ठक.

हात अर्ध्यावर थांबतो. बँकेतली पोरगी म्हणते, "आजोबा, करा ना सही." मी म्हणतो, थांब बाई, तिसरा वाजू दे.

यंदा शेवटी तिनं माझा अंगठा धरून शाईत बुडवला.