शिकंज्यातलं लाकूड

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या थोरल्या मामाच्या कारखान्यात, भर दुपारी. धाकटा मामा तिथेच होता. तो अजूनही त्या कपाटाकडे पाठ करून बसत नाही.

थोरला मामा कातारी. लेथवर लाकूड फिरवून पलंगाचे पाय, कठडे, खेळणी घडवायचा. खाली कारखाना, वर घर. वर त्याची लेक होती, दिवस भरत आलेली.

येणाऱ्या नातवंडासाठी खुळखुळा करायचा म्हणून मामा तुकड्यांचा ढीग उपसत होता. तळाशी हाताला ते लागलं.

वीतभर. काळपट. आणि जड... खांद्यावर निजलेलं लेकरू कसं जड होत जातं, तसं जड.

"हे कुठनं आणलंस रे?"

"मी कशाला आणू?" धाकटा म्हणाला.

"मग काय चालत आलं?"

"तुझा ढीग, तुलाच ठाऊक."

मामाचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता. मागे त्यानेच बाभळीला काळा रंग फासून महागाचा आबनूस म्हणून मामाच्या गळ्यात मारली होती.

पण खुळखुळा बाळाच्या तोंडात जाणार. काही लाकडं विषारी असतात. जात कळल्याशिवाय असं लाकूड मामा लेथवर चढवत नसे.

त्याने रंधा मारला. ढलपी नाकाशी धरली. चिंचेला वास असतो, शिसवाला असतो, वाळक्या बाभळीलासुद्धा असतो.

याला... नव्हता.

"दादा, लाकूड आहे ते. गजऱ्यासारखं काय हुंगतोयस!"

मामा हसला नाही. त्याने ते बादलीत सोडलं. सरळ तळाला गेलं. एक बुडबुडा नाही.

मग पुसून, टोक तासून भिंगाखाली धरलं. तासलेल्या टोकावर बारीक भोकं दिसतात. झाड त्यांतून पाणी पितं.

इथे एकही भोक नव्हतं.

"हे कधी पाणी प्यायलंच नाही," मामा पुटपुटला. "मग वाढलं कशावर?"

शेवटी कानाशी धरून त्याने ते हातोडीच्या दांड्याने वाजवलं. टक्.

आणि क्षणभराने... आतून. टक्.

मामाने झटकन धाकट्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात पॉलिशपेपरवर होते.

वरून लेकीची हाक आली, "बाबा, ठोकू नका ना! तुम्ही ठोकलं की बाळ लाथ मारतं."

"बघ," धाकटा म्हणाला, "आतापासूनच धंद्यात लक्ष!"

आत काहीतरी आहे, कापूनच बघू, असं मामाने ठरवलं. लाकूड शिकंज्यात धरलं, दांडा पिळला, करवत लावली. करवत घरघरत चालली.

पण भुसा पडेना. खालची फरशी स्वच्छ.

मामाने शिकंजा आणखी आवळला. अजून थोडा. लाकूड हट्टाला पेटलं की तोही पेटायचा. तसंच आवळून ठेवून तो जेवायला वर गेला.

लेक ताटासमोर नुसती बसली होती. हात पोटावर.

"बाबा... बाळ हलत नाहीये."

"कधीपासून?"

"तुमची करवत सुरू झाली ना... तेव्हापासून."

मामा धडपडत जिना उतरला. शिकंजा सैल केला. लाकूड तळहातावर पडलं.

हलकं. कापसासारखं हलकं.

वर लेक रडत हसत ओरडली, "बाबा! हललं! हललं!"

मुलगी झाली. सुखरूप. "एवढीशी दिसते, पण किती जड आहे हो पोर!" नर्स म्हणाली. सगळे हसले. मामा सोडून.

घरी येऊन त्याने लाकूड पुन्हा बादलीत सोडलं.

तरंगलं.

बाहेर काढून रंधा मारला. ढलपी नाकाशी धरली...

दुधाचा वास.

मामा तसाच वर गेला. "घ्या ना नातीला," लेक म्हणाली. "जन्मल्यापासून हात लावला नाहीत." त्याने बाळ उचललं, हळूच तिच्या टाळूवर नाक टेकलं. बराच वेळ टेकून राहिला.

"काय हो बाबा, हुंगताय काय सारखं?"

"काही नाही," मामा म्हणाला.

खरंच काही नव्हतं. दुधाचा नाही, तेलाचा नाही... कसलाच वास नव्हता.

आता ती पोर घरभर पळते, आजोबांची मिशी ओढते. मामा तिला जीव लावतो. लावतोच. पण तिला उचलताना त्याचा चेहरा बघवत नाही.

लाकूड कारखान्याच्या कपाटात, मऊ धडप्यात गुंडाळलेलं आहे. जाळायची मामाची छाती नाही. कधी लेथ थांबला की शांततेत ऐकू येतं... टक्. टक्.

तेव्हा मामा हातातलं काम टाकून उठतो. लाकूड खांद्यावर घेतो, येरझारा घालतो आणि हळूहळू थोपटत राहतो.

थोपटलं की थांबतं.