चुकलेला शनिवार

बंगळूरच्या शिवाजीनगरला बसमधून उतरल्यापासून सुप्रीताचा जीव थाऱ्यावर नव्हता. ओढणी नाकापर्यंत घेऊन ती हॉलच्या पायऱ्या चढली. दारू पिऊन स्कूटर चालवताना ती पकडली गेली होती, म्हणून चार शनिवार वाहतूक पोलिसांचा हा वर्ग करायचा होता. ऑफिसातलं कुणी दिसलं तर...? दारातच फॉर्म हातात आला. सगळा कानडीत.

"आता काय करू," ती पुटपुटली.

"द्या इकडं," मागून आवाज आला. "मी गुंडो, बेळगावचा. बोम्मसंद्राला कारखान्यात मशीन चालवतो. परवाना काढून घेतला, मोटारसायकल तेवढी बंद झालीय."

फॉर्म भरता भरता त्यानं विचारलं, "किती घेतली होती?"

"एकच बिअर."

"इथं सगळ्यांची एकच असती," तो गालात हसला. महिन्याभरात पहिल्यांदाच तिलाही हसू आलं.

दुसऱ्या शनिवारी अपघातांचे व्हिडिओ दाखवले. तिचे हात गार पडले. त्यानं चहाचा कप तिच्या तळव्यांत ठेवला — बोटं जराशी रेंगाळली. बाहेर भुरभुर होती. एका छत्रीतून चालताना 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

तिसऱ्या शनिवारी गुंडो आला नाही. फोन बंद. त्या आठवड्यात अँब्युलन्सचा आवाज आला, की ती पुन्हा त्याला फोन लावायची.

चौथ्या शनिवारी तो आला, मान खाली घालून. वर्ग सुटल्यावर तिनं त्याला व्हरांड्यात गाठलं.

"कुठं होतास?"

"प्यालो होतो. गाडीला हात लावला नाही... पण प्यालो."

"माझी आई वीस वर्षं बाबांच्या पावलांकडे कान लावून बसायची," ती म्हणाली. "सरळ पडतंय, की अडखळतंय... मला तसं जगायचं नाही, गुंडो."

"म्हणूनच सांगितलं. आवडतीस तू मला. फसवून नको होतं."

ती तडक पायऱ्या उतरली. बस आली, गेली. तिचा पाय काही उचलेना.

ती परत वर आली, तेव्हा तो वर्गाच्या समुपदेशक बाईंच्या दारासमोर बाकावर बसला होता. हात मांड्यांखाली दाबलेले.

"वर्ग तर संपला," ती म्हणाली.

"दारू सुटायची औषधं असतात म्हणे. विचारतो."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझं मीच."

यातून काय निघेल, तिला ठाऊक नव्हतं.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मलाबी."

"मग... स्वल्प सरक," ती मोडक्या कानडीत म्हणाली.

तो सरकला, आणि ती त्याच्याशेजारी बसली.