कानामागची टिकली

नाशिकच्या त्या अक्षरशाळेत, म्हणजे मराठी अक्षरांची वळणं घडवणाऱ्या कार्यशाळेत, सकाळच्या चहाला पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "टिकली लावली का?" आणि तो बायकांना विचारला जाई तितकाच पुरुषांनाही. कारण ही टिकली कपाळावर नव्हे, कानामागे लावायची. डॉक्टरमंडळींनी तिला 'शंकाशामक' असं भारदस्त नाव दिलं होतं. पण दिसायला टिकलीसारखी, चिकटवायची टिकलीसारखी, मग लोक दुसरं काय म्हणणार?

'आपण या कामाच्या लायक नाही, आज ना उद्या आपलं पितळ उघडं पडणार' अशी भीती उठली की मेंदूत एक बारीकशी विद्युतलहर उमटते. टिकली ती लहर ओळखायची आणि उलट लहर सोडून जागच्या जागी विझवायची. बस्स, एवढंच. गुंगी नाही, नशा नाही. गायक, नट, लेखक, चित्रकार यांनी ती आधी उचलली, आणि का नाही उचलणार? या लोकांना टाळ्या पडल्या तरी वाटतं, प्रेक्षकांची काहीतरी गफलत झाली.

निलांबरी खैरमोडे त्यांतलीच. पडद्यावर आणि कागदावर उमटणारी मराठी अक्षरं घडवणं हे तिचं काम. तिची अक्षरं शाळेच्या पुस्तकांत होती, बसच्या पाट्यांवर होती, मानाचा पुरस्कारही मिळाला होता. आणि पुरस्कार घेऊन घरी आल्यावर या बाईने काय करावं? 'नक्की मलाच द्यायचा होता ना?' असं परीक्षकांना विचारायला फोन उचलला होता! काम सोपवायच्या दिवशी तिला हटकून उलट्या होत. हसू नका. ज्याच्यावर बेततं त्यालाच ते कळतं.

शेवटी शेजारी बसणाऱ्या रुबीना मुलाणीने स्वतःच्या हाताने तिच्या कानामागे टिकली चिकटवली. "अगं, माझ्याकडे बघ. काही रेखाटायचं म्हटलं की हात कापायचे माझे. घरच्यांनी आशा सोडली होती. आता माणसांत आलेय."

दुसऱ्या दिवशी निलांबरी रुबीनाच्या गळ्यात पडून रडली. "रुबे, इतकी वर्षं मी हे ओझं कशाला वाहत होते गं?" मग ती पोटभर जेवू लागली, मुलीच्या शाळेत जाऊन अक्षरांवर बोलूनही आली. टिकली वाईटच, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. तिने एका बाईला तिचं आयुष्य परत दिलं होतं.

मग ते पेनाचं काम आलं. लिहायचं पेन नव्हे, मधुमेहाच्या रुग्णांचं इन्शुलिनचं पेन. ते रक्तातली साखर स्वतःच मोजणार आणि आज किती मात्रा घ्यायची तो आकडा इवल्याशा खिडकीत मराठीत दाखवणार. रुग्णाने आकडा वाचून तेवढी कळ फिरवायची. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय होती आणि आकडे घडवायचे होते निलांबरीने. तिने ते झपाट्याने घडवले. खिडकी अरुंद, म्हणून नऊची डावीकडची वळी आत ओढून तिने त्याला एकच्या मापात बसवलं. सगळे आकडे कसे एका घरचे दिसू लागले.

अक्षरशाळेत एक जुनी रीत होती. काम सोपवण्याआधी सगळ्यांनी गोल बसायचं आणि मनाला काय डाचतंय ते सांगायचं. 'डाच काढणं' म्हणत त्याला. कुणाला 'ळ'चं पोट सुटलेलं वाटे, कुणाला उकार लंगडा. मग भांडणं, चहावर चहा. निलांबरी तर त्यात बदनाम होती. सगळ्यांचं समाधान झालं तरी ती चष्म्याच्या काचांना खोबरेल फासून पुन्हा वाचायला बसायची. म्हणायची, "मोतीबिंदूवाल्या आजीला असंच दिसणार ना?"

या वेळी शाळेचे मालक धोंगडेसर म्हणाले, "बोला, कुणाला काय डाचतंय?"

कुणालाच काही डाचत नव्हतं.

"निलांबरी, तुला?"

"नाही सर. छान झालंय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि भज्यांवर ताव मारला. आकडे कंपनीकडे गेले.

पुढे निलांबरीच्या कानामागे पुरळ उठलं. डॉक्टरांनी बजावलं, कातडी बरी होईपर्यंत टिकली बंद. संध्याकाळपर्यंत सगळी भुतं परत आली. तू ढोंगी आहेस. पुरस्कार चुकून मिळाला. रुबीना केवळ दयेपोटी तुझ्याशी बोलते. आणि त्या गर्दीत आणखी एक आवाज होता, नऊ आणि एक सारखे दिसतात.

आता यातलं खरं कोणतं? टिकलीला 'मी खोटी आहे' आणि 'हे चुकलंय' यांतला फरक कळत नव्हता. दोन्ही लहरी सख्ख्या बहिणी. ती दोघींनाही सारखीच विझवायची. पण फरक निलांबरीला तरी कुठे कळत होता? तिने चष्म्याला खोबरेल लावलं, आकडे पाहिले, तर नऊ कोणता आणि एक कोणता, ओळखू येईना. अकरा घ्यायच्या ठिकाणी एखाद्या आजोबांनी एकोणीस मात्रा टोचून घेतल्या, तर साखर इतकी उतरेल की ते परत उठायचे नाहीत.

ती सकाळीच धोंगडेसरांच्या समोर उभी राहिली. सर मायेने म्हणाले, "टिकली काढलीस ना, म्हणून तुला असं वाटतंय. बरी हो आधी."

"सर, हा चष्मा घाला आणि वाचा."

"अकरा," सर ताडकन म्हणाले.

"एकोणीस आहे, सर."

"मग काच पुसायला हवी होती," सर शांतपणे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. निलांबरीला त्या शांतपणाची भीती वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, आपलंच डोकं फिरलंय.

रुबीना हे सगळं ऐकत होती. तिने कानामागे हात नेला.

"नको गं," निलांबरी म्हणाली. "तुला परत तसलं काही झालं तर?"

"गप बस," रुबीना म्हणाली आणि टिकली काढून टेबलावर ठेवली.

दुपारपर्यंत तिचे हात कापू लागले. मग तिने तो तेलकट चष्मा चढवला आणि बराच वेळ बघत राहिली. "एकोणीस," ती म्हणाली. "नाही, अकरा. निलू, मला नाही सांगता येत गं." डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. 'मला नाही सांगता येत' हे वाक्य त्या जागेत किती तरी दिवसांत कुणी उच्चारलं नव्हतं. निलांबरीने एका हाताने तिचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्याने सरळ पेनाच्या कंपनीला फोन लावला.

तिथले तपासणी अधिकारी पेंढारकर मोठ्या उत्साहात होते. "मॅडम, पेनं तयार! उद्या गाड्या निघताहेत."

"थांबवा. नऊ आणि एक सारखे दिसताहेत. चूक माझी आहे."

"छे हो! आमच्या डॉक्टरांनी पाहिलंय, इंजिनिअरांनी पाहिलंय, मी स्वतः पाहिलंय. कुणालाच काही खटकलं नाही."

निलांबरीने विचारलं, "पेंढारकर साहेब, तुमच्याकडे टिकली कोण कोण लावतं?"

ते हसले. "अहो, सगळेच!"

"मग एक करा. तुमची काढा, उद्या सकाळपर्यंत तशीच राहू द्या, आणि मग ती खिडकी एकदा बघा. तुम्हाला काही वाटलं नाही, तर मी पुन्हा फोन करणार नाही."

मग पेंढारकर बोलले, तेव्हा त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मॅडम, एकदा काढली की... परत लावता येते ना हो?"