पंधरा फुल्या

दहा. अकरा. दहा.

थर्मासमध्ये निरीक्षकाच्या मुलीच्या हातचा चहा, साखर विसरलेला.

शिडीला लटकलेली वायरमनच्या डब्याची पिशवी.

"पाचाच्या खाली एक जरी आकडा गेला, तरी वाट नापास," निरीक्षक म्हणाला.

मैदानामागच्या पायवाटेवर खडूच्या पंधरा फुल्या होत्या, दर दहा पावलांवर एक. दिवेलागण होऊन गेली होती आणि निरीक्षक नव्या दिव्यांचा उजेड मोजत होता. मीटरची चकती फुलीवर ठेवायची, वायर सोडत चार पावलं मागे सरायचं, म्हणजे आपली सावली तिच्यावर पडत नाही. मग हातातल्या मीटरवरचा आकडा वाचायचा. वायरमन तो वहीत उतरवून घेई.

सातव्या फुलीवर आकडा आला एक.

"साहेब, बाजूला व्हा की. तुमचीच ढेरी आडवी येतेय."

"अरे, मी इथे आहे. चकती तिथे."

दिवे तर लख्ख होते. तरी वायरमनने शिडी लावून काच पुसली. पुन्हा मोजलं. अकरा.

"बघा, धूळ होती."

आठव्या फुलीवर एक.

निरीक्षकाने चकती नवव्या फुलीवर ठेवली आणि नुसतं बघत राहिला. अकरा. सात. तीन. एक. कोणीतरी चालत येऊन चकतीवर ओणवं व्हावं तसं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

वायरमनने वही मिटली. "साहेब, आपण उजेड दिवसा मोजू." तो हसत नव्हता.

आकडा हळूहळू पुन्हा अकरावर गेला. म्हणजे ते पुढे सरकलं होतं. पुढे, पंधराव्या फुलीपाशी, फाटक होतं.

निरीक्षकाचा फोन वाजला. मुलगी.

"बाबा, क्लास सुटला. मागच्या वाटेने येतेय."

"नको! मोठ्या रस्त्याने ये."

"तूच म्हणालास ना, आता तिथे उजेड आहे म्हणून? फाटकाशी पोचलेसुद्धा."

तो धावत सुटला. चकती वायरीला लटकून मागे आपटत होती.

ती पंधराव्या फुलीवर उभी होती. धडधाकट.

"केवढ्या धापा टाकतोयस, बाबा!"

त्याने तिचा हात घट्ट धरला. मीटरकडे पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर त्याने ट्यूब लावली, तिला खुर्चीवर बसवलं, समोर पाणी ठेवलं.

तिचा हात टेबलावर ग्लास चाचपत राहिला.

"बाबा," ती म्हणाली, "दिवा लाव ना."

वाट पास झाल्याच्या कागदावर त्याने दुपारीच सही केली होती, मोजण्याआधी. त्या सहीवरच फाटकाचं कुलूप काढलं होतं.